छोटा र, मोठा र

तमिळ अक्षरं मी शिकले, पण तमिळ मला कधीच आलं नाही. आजही कुणी ती भाषा बोललं तर चार-दोन शब्दांपलीकडे काही कळत नाही. पण एखाद्या लुंगीच्या खोक्यावरचं, उदबत्तीच्या पुड्यावरचं नाव समोर आलं की तोंडातून अक्षरं आपोआप निघतात, आणि लगेच मी ती परत एकदा ताडून बघते. चुकलं तर नाही ना आपलं? हा प्रश्न मी पिंपरीला असताना मनात शिरला, तो पुढे कधी गेलाच नाही.

औषधांचा मोठा कारखाना तेव्हा नवा होता. माझ्या यजमानांना तिथे नोकरी लागली आणि आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. मी मॅट्रिक झालेली, घरात सासूसासरे नाहीत, आणि दिवस गेलेले. वसाहतीत एकही झाड डोक्याइतकं उंच नव्हतं. वारा फिरला की कारखान्याकडून आंबलेल्या पिठासारखा वास यायचा आणि मला मळमळायचं. यजमान सकाळच्या शिफ्टला गेले की दुपारी भोंगा होईपर्यंत मी एकटी.

शेजारच्या क्वार्टरमध्ये मद्राशी कुटुंब होतं. मुलगा कारखान्यात केमिस्ट होता, त्याला वर्षभरासाठी परदेशी शिकायला पाठवलं होतं. घरी त्याची बायको आणि म्हातारे वडील. वडील गावाकडच्या शाळेत हिंदी शिकवून निवृत्त झालेले, म्हणून सगळी वसाहत त्यांना मास्तर म्हणायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, अजून पिकला नाही, पिकला की काढू. तोपर्यंत मास्तरांना उजेड दिसे, माणसाचा आकार दिसे, तोंड दिसत नसे. त्यांची बायको मात्र तंजावरकडच्या गावीच होती, कारण मुलगी बाळंतपणाला आलेली होती.

त्या बाईंचं पत्र दर दहा-बारा दिवसांनी येई, आणि ते वाचायला घरात कुणी नव्हतं. सून मुंबईत वाढलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली. तमिळ बोलायची फर्डं, पण अक्षर एक ओळखीचं नाही. वसाहतीत तमिळ वाचणारे दोघं-तिघं होते. मास्तर त्यांच्याकडे जायला तयार नव्हते.

"समजणारा माणूस पत्र आधी स्वतः वाचतो," ते मला एकदा म्हणाले, "आणि मग मला सांगतो, घरी सगळं ठीक आहे. मला तिचं पत्र हवं आहे, त्याचा निरोप नको." मग आवाज खाली आणत म्हणाले, "शिवाय काही गोष्टी ती फक्त मला लिहिते."

ते पुस्तकी हिंदी बोलायचे, मी मोडकं. मी इथे सगळं मराठीतच लिहिते आहे.

मग म्हणाले, "अम्मा, तू शिकशील का? अक्षरं फक्त. भाषा नको."

माझ्या बापाच्या वयाचा माणूस मला अम्मा म्हणत होता. मी हो म्हटलं. घरात वेळ खायला उठत होता, हेही खरंच.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओट्यावर शाळा भरली. मास्तर खडूनं फरशीवर वीतभर अक्षर काढत. डोळे नसले तरी हात चुकत नव्हता. मी ते वहीत उतरवून शेजारी देवनागरीत लिही. आधी बारा स्वर. त्यांना तमिळमध्ये उयिर म्हणतात, म्हणजे जीव. मग अठरा व्यंजनं, ती मेय्, म्हणजे शरीर. "नुसतं शरीर बोलत नाही," मास्तर म्हणत. "जीव आला की बोलतं."

अठराच व्यंजनं ऐकून मला हायसं वाटलं होतं. आपल्याकडे किती तरी! पण पहिल्या आठवड्यातच कळलं, की अक्षरं कमी म्हणजे काम जास्त. क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच क. शब्दाच्या सुरुवातीला तो क, मध्ये आला की ग. तसंच त आणि द, ट आणि ड, प आणि ब. कुठे काय म्हणायचं ते आजूबाजूला कोण बसलंय त्यावरून ठरवायचं. यजमानांच्या नावात भ आहे. तो तमिळमध्ये लिहिला तेव्हा त्याचा प झाला, आणि नाव अगदीच बिचारं दिसायला लागलं.

आपल्या ए आणि ओ सारखे स्वर तिथे दोन-दोन, एक आखूड आणि एक लांब. मला आखूड ए म्हणताच येत नसे. अक्षराच्या डोक्यावरचा ठिपका मी दोन दिवस अनुस्वार म्हणून वाचत होते. मास्तर हसले. तो ठिपका अक्षराचा पाय मोडतो, आपलं हलन्तच ते. फक्त डोक्यावर बसतं. आणि तो एक विचित्र ळ, ழ. जीभ मागे वळवायची पण टाळूला लावायची नाही. मी भाकरी थापता थापता त्याचा सराव करायची. यजमानांनी एकदा विचारलं, "तोंडात कढत बटाटा आहे का?"

सगळ्यात जास्त त्रास दोन र नी दिला. एक छोटा, एक मोठा. मास्तर म्हणाले, आमच्याकडे बोलताना दोन्ही सारखेच ऐकू येतात, पण लिहिताना एकाच्या जागी दुसरा चालत नाही. छोटा र साधा, ர. त्याला उकार दिला की तळाशी वळसा घेऊन रेघ वर चढते, ரு. मोठ्या र ची शेपटी खाली उतरते, ற. खडूच्या वीतभर अक्षरात फरक स्पष्ट होता. दोन मोठे र शेजारी आले की त्यांचा उच्चार ट्र होतो, हेही मी पाठ केलं.

दोन महिन्यांत मी पत्र वाचायला लागले. बाईंचं अक्षर किरटं, जांभळ्या शाईतलं, आणि ठिपके द्यायच्या त्या विसरत. मी एकेक अक्षर लावत, अडखळत म्हणे, आणि मास्तर डोळे मिटून ऐकत. मी म्हटलेल्या शब्दावर ते हसले की मला बरं वाटे. ते गप्प झाले की मला भीती वाटे. आपण काय बोलून गेलो, हेच मला माहीत नसायचं. अनोळखी घरात अंधारात भांडी हलवल्यासारखं ते होतं. काय पडेल, काय फुटेल, सांगता येत नव्हतं.

मला पाचवा महिना होता. मास्तरांच्या मुलीचे दिवस भरत आले होते. पोस्टमनची सायकल दिसली की ते काठी न घेताच ओट्यावर यायचे.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला पत्र आलं. सून आत धुणं धूत होती. मी पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला नेट्रु हा शब्द होता. त्यातले जोडीचे मोठे र मी बरोबर ओळखले आणि मनात खूश झाले. पुढचा शब्द वलियोडु. त्याच्या पुढे इ, मग एक र, मग न्दाळ्.

"नेट्रु वलियोडु इरन्दाळ्," मी वाचलं.

मास्तरांनी डोळे उघडले.

"परत वाच."

मी परत तसंच वाचलं.

"कोणता र आहे? मोठा?"

मी कागदाकडे पाहिलं. त्या अक्षराला काहीतरी शेपूट होतं. ते वर गेलंय की खाली, हे किरट्या जांभळ्या शाईत मला कळत नव्हतं. कळत नाही, असं म्हणायला हवं होतं. पण दोन महिने शिकून इतकंही येत नाही असं त्यांना वाटेल, याची मला लाज वाटली.

"हो," मी म्हटलं. "मोठा."

त्यांचा हात पंच्याच्या टोकाशी चाळा करत राहिला.

"काय झालं मास्तर? काय लिहिलंय?"

त्यांनी माझ्या दिशेनं तोंड वळवलं. माझं पोट त्यांना दिसत नसणार, पण माहीत होतं. "काही नाही, अम्मा," ते म्हणाले. "तू आत जा. विश्रांती घे." आणि ते ओट्यावरून उतरले.

मला वाटलं घरीच गेले. मी पत्र हातात घेऊन तिथेच बसले. त्यांचा आवाज कानातून जात नव्हता. खरंच काही नसतं तेव्हा माणूस अशा आवाजात 'काही नाही' म्हणत नाही. मी तो शब्द परत काढला. मग सुचलं, की याच पत्रात दुसरीकडे हे अक्षर कसं काढलंय ते बघावं. पहिल्या ओळीत ओरु होतं. ओरु म्हणजे एक, हा मला ओळखीचा झालेला शब्द. त्यातला रु मी बोटाखाली धरला आणि तिसऱ्या ओळीतल्या अक्षराकडे पाहिलं. तोच वळसा, तीच वर चढणारी रेघ. मग नेट्रुमधले मोठे र पाहिले. त्यांची शेपटी खाली होती.

इरन्दाळ् नव्हतं ते. इरुन्दाळ् होतं.

मी शेजारी धावले. सून साबणाच्या हातांनी दारात आली.

"वहिनी, इरुन्दाळ् म्हणजे काय?"

"होती. ती होती. का?"

"आणि इरन्दाळ्?"

तिच्या हातातलं ओलं कापड खाली पडलं. "कोण इरन्दाळ्? कुणी म्हटलं?"

"म्हणजे काय ते सांगा ना!"

"मेली. ती मेली."

मी सगळं भडाभडा सांगितलं. मास्तर घरात नव्हते. मागच्या नळावर नव्हते, संडासाच्या रांगेकडे नव्हते. तिथे सून एकदम थांबली आणि म्हणाली, "अंघोळ. मेल्याचं कळलं की अंघोळ करायची असते. ते नदीवर गेले असतील."

पवना आमच्यापासून चांगली दीड मैल लांब. मध्ये मुंबईचा रस्ता, ट्रक सारखे धावत असलेले. त्याच्या पुढे रेल्वेचे रूळ. सणावाराला मुलाबरोबर मास्तर नदीवर जात, त्यामुळे वाट पायाखालची होती. पण तेव्हा मुलगा दंड धरून नेई.

आम्ही दोघी निघालो. सूनबाई पुढे पळत होती, मी पोट धरून मागे. रस्त्यावर गावातली दूधवाली भेटली, रिकाम्या चरव्या घेऊन परत निघालेली.

"मास्तर दिसले का हो?"

"व्हय की. रुळापल्याड दिसलं मला. येकलंच चालल्यालं. हाक मारली तर वळून बी बघितलं न्हाई. काय झालं वं?"

"नदीकडे?"

"व्हय, घाटाच्या वाटंनं." तिनं माझ्याकडे पाहिलं. "आगं बाय, तू पळू नगंस अशी! पोटुशी हायस!"

मी ऐकलं नाही. रुळाशी पोचलो तर मालगाडी आडवी. एकेक डबा सावकाश जात होता. मी ते डबे मोजायला घेतले आणि सोडून दिले. मला दिसत होतं ते असं, की मास्तर पाण्यात पायरी चुकलेत. सगळं माझ्या एका हो मुळे. पोटात बाळ हललं की मलाच कळ आली, तेही समजत नव्हतं. वाचलेलं वाईट आपल्या पोरावर उलटतं का, असला विचारही मनात येऊन गेला. गाडीचा शेवटचा डबा गेला तेव्हा सून माझा हात धरून उभी होती.

मास्तर घाटावर होते. शेवटच्या पायरीवर, पंचा कमरेला खोचून, गुडघाभर पाण्यात. एक पाय पुढची पायरी चाचपत होता. तिथे पुढे पायरी नव्हती.

सून तमिळमध्ये ओरडली. मी ओरडले, "छोटा र! मास्तर, छोटा र आहे! उकार आहे त्याला!"

ते थबकले. सुनेनं पाण्यात उतरून त्यांचा दंड धरला आणि मागे आणलं. त्यांना पायरीवर बसवलं. मी त्यांच्यासमोर बसले.

"मी चुकले. मला नीट दिसत नव्हतं, तरी मी हो म्हटलं."

त्यांनी ओला तळहात पुढे केला. "काढ."

मी बोटानं त्यांच्या तळहातावर ते अक्षर काढलं, बाईंनी काढलं होतं अगदी तसं. तळाशी वळसा, मग वर.

"हे ओरुमध्ये आहे तसंच?"

"अगदी तसंच."

"आता मोठा काढ. नेट्रुमधला."

मी तोही काढला. त्यांनी मूठ मिटली. "पुढे वाच," ते म्हणाले.

मला वाचवेना. डोळ्यांत पाणी, धाप लागलेली. सुनेनं पाठीवर हात ठेवला तेव्हा अक्षरं लागायला लागली. पुढची ओळ होती, पेण् कुळन्दै पिरन्ददु. मास्तरांनी लगेच अडवलं. "कोणता र?" मी तो र नीट न्याहाळला, वरच्या ओळींशी ताडून पाहिला आणि म्हटलं, "मोठा. या वेळी नक्की मोठा."

सून रडत रडत हसली. "मुलगी झाली," तिनं मला सांगितलं. काल ती वेणांत होती, आज मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत. एवढंच त्या ओळींत होतं.

पण मास्तर हसले नाहीत. त्यांनी पत्राची घडी मागून घेतली. दुपारी ते सुनेचा हात धरून वसाहतीतल्या एका तमिळ कारकुनाकडे गेले. मलाही बरोबर यायला सांगितलं. कारकुनानं उभ्या उभ्या, अर्ध्या मिनिटात, खणखणीत आवाजात सगळं पत्र वाचून टाकलं. मुलगी खुशाल, बाळ खुशाल. शेवटच्या चार ओळींवर त्याचा आवाज बदलला आणि तो मिशीत हसला. "बाईसाहेब रागावल्यात वाटतं," तो मास्तरांना म्हणाला. मास्तरांचे कान लाल झाले. त्या चार ओळी त्यांना ओट्यावर, न समजणाऱ्या तोंडून ऐकायच्या होत्या. माझ्यामुळे त्या दारात, परक्या माणसाच्या हसण्यासकट ऐकाव्या लागल्या. मी खाली मान घालून उभी राहिले.

मला वाटलं आता वाचन संपलं. बारा दिवसांनी मास्तर नवं पत्र घेऊन ओट्यावर आले.

"अम्मा, मला एक वचन दे. जे दिसत नाही त्याला दिसत नाही म्हणायचं."

त्यानंतर मी वाचे त्यात निम्मं 'दिसत नाही' असायचं. त्यांनी कधी तक्रार केली नाही. उलट मीच प्रत्येक अक्षरापाशी घाबरायला लागले. एक पान वाचायला तास लागे.

पुढे दोन महिन्यांनी पुण्यात मास्तरांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. जाड भिंगाचा चष्मा लागला. घरी आल्यावर त्यांनी ट्रंकेतून जुनी पत्रं काढली आणि दिवसभर वाचत बसले. मी त्या दिवशी ओट्यावर फिरकले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच हाक मारली.

त्यांच्या मांडीवर एक पत्र होतं, मुलीच्या बाळंतपणाच्या महिनाभर आधीचं. एका शब्दावर त्यांनी बोट ठेवलं.

"हे वाच."

मी वाचलं. "वेण्... डुम्."

"तेव्हा तू वेण्डाम् वाचलं होतंस. वर वेण्डाम् म्हणजे येऊ नका. तिनं लिहिलंय वर वेण्डुम्. या, तुम्ही यायलाच हवं." चष्म्याआड त्यांचे डोळे मोठे दिसत होते. "ती मला बोलावत होती. मी गेलो नाही, म्हणून ती रागावली. मला कळेना, हिनंच नको म्हटलं आणि हीच का रागावते?"

नदीवरची चूक निदान तासाभरात सापडली होती. ही महिनोन् महिने तशीच पडून होती आणि कुणाला पत्ता नव्हता. आणखी अशा किती असतील?

"मास्तर, मी..."

"ऐक," ते म्हणाले. "त्या दिवशी मी तुला परत वाच म्हटलं नाही. थंडीचे दिवस, डोळे असे, तीन गाड्या बदलायच्या. येऊ नका ऐकल्यावर मला बरं वाटलं होतं. म्हणून मी विचारलं नाही. तुझ्याकडून अक्षर चुकलं. मी तर मास्तर होतो."

दोन दिवसांनी त्यांनी तिकीट काढलं. सून स्टेशनवर पोचवायला गेली. मी वसाहतीच्या फाटकापर्यंत गेले. जाताना त्यांनी भिंगांतून माझं तोंड नीट पाहून घेतलं. "तू इतकी लहान असशील असं वाटलं नव्हतं," ते म्हणाले.

गावी पोचल्याचं त्यांचं पत्र सुनेला इंग्रजीत आलं. तिनं मला सांगितलं, की सासूबाई पहिले चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी नात त्यांच्या मांडीवर आणून ठेवली आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. तेव्हा मला आठवा लागला होता आणि खेडला माहेरी जायची माझी बांधाबांध चालली होती. सगळं ऐकून घेतल्यावर मी तिला म्हटलं, "वहिनी, ते पत्र परत एकदा नीट वाचून बघता का?"

तिनं वाचलं. तेच होतं.